प.आ.ना.

आजोबांच्या चोपडीत सात रकाने होते. नाव, गाव, तक्रार, औषध, अनुपान, दिवस आणि गुण. शेवटचा रकाना सगळ्यांत अरुंद, कारण त्यात फार लिहायचं नसे. ‘आला’. ‘उतार’. ‘किंचित’. ‘नाही’. आणि कित्येक नावांपुढे तीन तुटक अक्षरं: प.आ.ना.

मे महिन्यात आजोळी गेले की ती लाल कापडी बांधणीची चोपडी मांडीवर घेऊन अक्षरं लावत बसायचं, हा माझा उद्योग. प.आ.ना. हे एखाद्या जहाल औषधाचं नाव असणार, अशी माझी पक्की समजूत होती. शेवटी एकदा विचारलंच. आजोबा ओसरीवर खलात काहीतरी घोटत होते. हात न थांबवता म्हणाले, “परत आला नाही.”

“म्हणजे बरा झाला?”

“बरा झाला, नाहीतर दुसऱ्या वैद्याकडे गेला, नाहीतर वर गेला. तिन्हींतलं काय झालं, ते सांगायला आपल्याकडे कोण येतोय?”

पुढे मी कॉलेजात तीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलं. औषधांच्या चाचण्यांचा भाग आला की फळ्यावर ‘लॉस्ट टू फॉलोअप’ असं लिहायचे आणि दर वर्षी त्या शब्दांच्या मागून राजापूरच्या आतल्या गावातली ती ओसरी डोकावून जायची. मुलांना मात्र कधी सांगितलं नाही. संख्याशास्त्राच्या तासाला आजोबा आणायचे नसतात, असं तेव्हा वाटे.

त्या ओसरीसमोर एक कडुनिंब होता आणि कडुनिंबावर गुळवेल. खालून पाहिलं तर वेल कुठे सुरू होते नि झाड कुठे, ते कळायचं नाही. वरून तिची मुळं दोऱ्यांसारखी खाली सुटलेली, वारा आला की आमच्या तोंडावर यायची. खोडावर कागदासारखी पातळ, करड्या रंगाची साल. नखाने जरा खरवडली की आत पोपटी. आजोबा पावसाळ्याआधी बोटाएवढ्या जाडीचे तुकडे तोडून माजघरातल्या खुंटीला टांगून ठेवत. मातीत नाहीत, पाण्यात नाहीत, नुसते टांगलेले. श्रावणात त्यांना कोंब फुटलेले असत. या वेलीला संस्कृतात छिन्नरुहा म्हणतात, तोडली तरी उगवणारी, हे मला तेव्हाच माहीत झालं. अमृता हे तिचं दुसरं नाव. पण खुंटीवरचे ते कोंब पाहिल्यावर मला पहिलं नावच जास्त खरं वाटत आलंय.

काढ्याचं माप ठरलेलं. औषधाच्या सोळापट पाणी, मंद आच, आठवा हिस्सा उरवायचा. चौथ्या हिश्श्यावर उतरवणारे वैद्य आजोबांच्या मते आळशी होते. माझ्या जन्माआधी भरड कुटायचं काम आईकडे असे. ती तेव्हा लग्नाची व्हायची होती. म्हणूनच की काय, उभा जन्म ती स्वतःला वैद्याची मुलगी म्हणवत आली आणि कुणी कसली तक्रार सांगितली की तिच्या तोंडून उपाय आधी यायचा, विचारपूस नंतर.

२०२० साली आई माझ्याकडे डोंबिवलीत होती. वय अठ्ठ्याहत्तर. दार बंद, खिडकीत उभं राहून रस्ता बघायचा आणि फोनवर येतील ते निरोप वाचायचे. त्या वर्षी देशात चहाच्या बरोबरीने काढा उकळला असेल. आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीशी एक कडुनिंब आहे आणि त्यावर गुळवेल. आईने ती गॅलरीतून ओळखली, वॉचमनला खुणेने दाखवली आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्या स्वयंपाकघरात तो हिरवट कडू वास राहायला आला. वेल संपत आल्यावर वॉचमन कुठून कुठून तुकडे आणून देऊ लागला. पिशवी दाराबाहेर ठेवायची, आम्ही ती सॅनिटायझर फवारून आत घ्यायची. फांदी कुणी नीट पाहिली असेल, असं मला वाटत नाही. मी तर नाहीच.

आठ महिने. रोज सकाळी अर्धी वाटी. डिसेंबरात आईची भूक गेली, अंग मोडून आल्यासारखं झालं आणि एका सकाळी चहाचा कप पुढे करताना तिच्या डोळ्यांचा पिवळा रंग मला दिसला. यकृताच्या तपासणीत एसजीपीटी चाळीसच्या आत हवं, ते नऊशेच्या घरात. बिलिरुबिन सात. अ, ब, क, ई अशा सगळ्या अक्षरांच्या कावीळ तपासून झाल्या. एकही निघाली नाही.

यकृताच्या डॉक्टरीणबाई वयाने माझ्या विद्यार्थिनींएवढ्या. त्यांनी आईला विचारलं, “आजी, दुसरं काही औषध घेता?”

“नाही हो. ही थायरॉईडची गोळी सोडली तर काही नाही.”

“गावठी, आयुर्वेदिक, काही?”

“छे.”

“काढाबिढा?”

“काढा घेते की. पण तुम्ही औषधाचं विचारलंत ना?”

तीन प्रश्नांनंतर मिळालेलं ते उत्तर मी अजून विसरलेले नाही. बाई चिडल्या नाहीत. पेन खाली ठेवून कशाचा, किती, केव्हापासून, असं विचारत गेल्या आणि आई उत्साहाने सोळापट पाण्यापासून सगळं सांगत गेली. आयुर्वेद आणि आधुनिक वैद्यक यांचा समन्वय या विषयावरची भाषणं मी पुष्कळ ऐकली आहेत, बहुधा शाल-श्रीफळाच्या आधी. तो समन्वय प्रत्यक्ष होताना पाहिला तो त्या केबिनमध्ये, केसपेपरवर ‘गुळवेल, ८ महिने’ असं लिहिलं गेलं तेव्हा.

काढा बंद झाला. रात्री आई झोपली की मी आजोबांची चोपडी काढून बसू लागले. ती माझ्याकडे कशी आली ते सांगण्यासारखं नाही. वाटणीत कुणाला नको होती, एवढंच. सुरुवातीची पानं मोडीत, मला न लागणारी. पुढची बाळबोध. मी फक्त गुळवेलीच्या नोंदी शोधत होते. जीर्णज्वराला, वातरक्ताला, अंगातल्या कडकीला, मधुमेहाला. आणि ‘दिवस’ या रकान्यात सात, सात, चौदा, सात, क्वचित एकवीस. आठ महिने कुठेच नाही. मला बरं वाटलं. आजोबांचं चुकलं नव्हतं, आईचं चुकलं, असा निकाल देऊन मी चोपडी मिटणार होते.

तेवढ्यात ती ओळ दिसली. खाडीपलीकडच्या वाडीतली एक बाई. कावीळ. गुळवेल, कुटकी. खडीसाखरेबरोबर. नऊ दिवस. प.आ.ना. आणि अक्षर आजोबांचं नव्हतं. त्यांची नजर कमी झाल्यावर ते सांगायचे आणि आई लिहायची, ते दिवस होते ते.

सकाळी आईला दाखवलं. तिने चष्मा वर-खाली केला. “आठवत नाही गं. जेठातली नोंद दिसते. पाऊस लागला की खाडीवरची तर बंद व्हायची. कशी येणार परत?”

म्हणजे वर्गात मी ज्याला इतक्या रुबाबाने डेटा नसणं म्हणायचे, ते खाडीला पाणी चढणं होतं.

ती बाई माझ्या डोक्यातून जाईना. वाचली असेल, तर कशाने? साथीची कावीळ बहुतेकांची आपण होऊनच उतरते. गुळवेलीने उतरते, उसाच्या रसाने उतरते, कानात तेल घालणाऱ्या बाबाकडे जाऊनही उतरते, आणि त्या-त्या उपायाच्या नावावर जमा होते. गुण औषधाचा की नऊ दिवसांचा, हे एका ओळीवरून ठरवता येत नाही. तशाच दुखण्याची, तशीच वागवलेली, फक्त गुळवेल न दिलेली दुसरी बाई शेजारच्या ओळीत असायला हवी. आजोबांकडे ती नव्हती. असती तर तिला औषध न देता परत पाठवायचा त्यांना जीव झाला नसता, हेही खरं.

ती शेजारची ओळ मुंबईत लिहिली गेली, परळला, केईएम रुग्णालयात. डॉ. शरदिनी डहाणूकर मराठी वाचकांना झाडाफुलांच्या ‘फुलवा’मुळे माहीत असतात, त्या औषधशास्त्राच्या प्राध्यापक होत्या आणि केईएममधल्या आयुर्वेद संशोधन केंद्रामागे त्या होत्या, हे कमी जणांच्या लक्षात असतं. पित्तनलिका अडून झालेली कावीळ हा शस्त्रक्रियेतला फार वाईट प्रकार. अडथळा काढला तरी रुग्ण जंतुसंसर्गाने हातचा जातो, कारण रक्तातल्या पांढऱ्या पेशींची जंतू गिळायची आणि मारायची ताकद खचलेली असते. डॉ. निर्मला रेगे, डॉ. डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे ३० रुग्ण घेतले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत विभागले. पित्ताचा निचरा, अँटिबायोटिक, ‘के’ जीवनसत्त्व दोघांनाही. एका गटाला वर गुळवेल. १९९३ साली निकाल छापून आला. गुळवेल न मिळालेल्यांत निम्म्या जणांच्या रक्तात जंतू पसरल्याची लक्षणं दिसली, गुळवेल मिळालेल्यांत एकातही नाही. शस्त्रक्रियेनंतर वाचण्याचं प्रमाण एकीकडे शेकडा ४०, दुसरीकडे ९२ च्या वर.

हे आकडे मी वर्गात कधी वापरले नव्हते. तीस रुग्ण म्हणजे मूठभर, असं म्हणून सोडून दिले असते. पण त्या निबंधातली एक गोष्ट मला फार आवडते. यकृताच्या चाचण्या दोन्ही गटांत सारख्याच राहिल्या. गुळवेलीने यकृत सुधारलं, असं कुणी म्हणालं नाही. सुधारल्या त्या पांढऱ्या पेशी. वैद्य ज्याला रसायन म्हणतात, त्याचा पेशींच्या भाषेत अर्थ काय होऊ शकेल, हे तिथे दिसत होतं.

आणि मग त्याच मुंबईतून, आईच्या आजारपणानंतर काही महिन्यांनी, दुसरा निबंध आला. सहा रुग्ण, सगळे गुळवेल घेणारे, यकृताला सूज. त्यांतल्या काहींना आधीपासून थायरॉईडसारखी दुखणी. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली: वनस्पती नीट ओळखलेली नाही, गुळवेलीची जुळी बहीण शोभावी अशी टिनोस्पोरा क्रिस्पा नावाची वेल असते, ती घेतली गेली असेल. २०२२ मध्ये देशातल्या १३ केंद्रांनी मिळून ४३ रुग्ण मांडले. डॉक्टरीणबाईंचं म्हणणं साधं होतं. प्रतिकारशक्ती जागी करणारी वेल आहे ना ही? मग ज्यांच्या शरीरात प्रतिकारशक्ती आधीच घरच्यांवर गुरगुरते आहे, त्यांनी तिला आठ महिने का जागवावं? आईला हे पटलं. वैद्याच्या मुलीला पटेल असंच ते बोलणं होतं. कुणाला द्यायचं नाही, हे आजोबाही औषधाच्या नावाबरोबरच सांगत.

मला राहून राहून वाटतं, परळची गुळवेल आणि आमच्या गॅसवरची गुळवेल कदाचित एकच होती, फरक सोबतीचा होता. तिथे कुणीतरी रक्त तपासत होतं. आजोबांच्या ओसरीवर सातव्या दिवशी निदान जीभ पाहिली जायची, भूक विचारली जायची. आमच्या स्वयंपाकघरात यांतलं कुणीच नव्हतं. वैद्य नव्हता आणि डॉक्टरही नव्हता. होता तो फोन.

तपासून पाहिलेल्या उपायाचं घरातलं दुसरं उदाहरण माझ्या मामाचं. त्याला भगंदर झालं होतं. आमच्याकडे या दुखण्याचं नाव मोठ्याने घेत नाहीत. मामा महिनोन्महिने उभ्याने पेपर वाचतो, एवढंच सगळ्यांना दिसे. पुण्यात एका वैद्यांनी त्याला क्षारसूत्र बांधलं. दर आठवड्याला जुना दोरा काढून नवा. एकदा मी सोबत गेले होते, तेव्हा वैद्यांनी काचेच्या नळीतला तो दोरा मला हातात दिला. पिवळसर, खरखरीत, सुतळीहून बारीक. लिननचा वीस नंबरचा दोरा घ्यायचा, त्यावर निवडुंगाच्या चिकाचे अकरा लेप, मग चीक आणि आघाड्याचा क्षार यांचे सात, मग चीक आणि हळद यांचे तीन. एक लेप वाळल्यावर दुसरा. एकवीस लेपांचा दोरा, आणि वर मामाचा शेरा: “लोकांना गळ्यात गंडा बांधतात.”

या दोऱ्याची परीक्षा भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने घेतली, शस्त्रक्रियेसमोर उभं करून, एकाहून अधिक केंद्रांत. १९९१ मध्ये निष्कर्ष आले. दोऱ्याने जखम भरायला आठ आठवडे, शस्त्रक्रियेने चार. पण वर्षभरात दुखणं उलटण्याचं प्रमाण दोऱ्यात शेकडा ४ आणि शस्त्रक्रियेत ११. हे वाचताना मला हसू आलं. इथे परत येणं म्हणजे हरणं. प.आ.ना. हाच उत्तम शेरा, अट एवढीच की वर्षभर त्या माणसाच्या मागावर राहून तो खरंच आलेला नाही, हे पाहायचं. आजोबांना ती वर्षभराची पायपीट परवडणारी नव्हती. परिषदेला परवडली.

उलट निकालही लागतात. गुग्गुळाने रक्तातली चरबी उतरते, हा धागा १९६० च्या दशकात बनारसला डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी सुश्रुताच्या मेदोरोगाच्या वर्णनावरून पकडला; ससे, मग माणसं, मग बाजारात औषध. २००३ मध्ये अमेरिकेत १०३ जणांवर तपासलं, तर वाईट कोलेस्टेरॉल उतरायचं सोडून थोडं चढलंच. तिकडचा आहार वेगळा, प्रकृती वेगळी, असं लगेच आपल्याकडून म्हटलं गेलं. असेलही. पण हे निकालानंतर सुचलं, आधी नाही, ही माझी संख्याशास्त्रातली जुनी खोड आडवी येते.

प्रकृतीचा मुद्दा मात्र मी हसण्यावारी नेत नाही. एकच गोळी सगळ्यांना, हे वैद्यकीचं सूत्रच नव्हे. आजोबा झोप, शौच, स्वप्नं इतकं सगळं विचारून मग हात औषधाकडे नेत. चाचणीच्या साच्यात हे कसं बसवायचं? बसवतात. कोईमतूरला अमेरिकी संशोधकांच्या बरोबरीने संधिवाताची एक चाचणी झाली, २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. वैद्यांना रुग्ण पाहून औषधं निवडायची मोकळीक होती, फक्त तो डबा खरा की खोटा हे त्यांना आणि रुग्णाला ठाऊक नसे. तुलनेला ठेवलेल्या मेथोट्रेक्सेट या आधुनिक औषधाच्या गोळीचंही तसंच. रुग्ण पन्नासही नव्हते. तरी वैद्याचे प्रश्न तसेच ठेवून त्याचं उत्तर तपासता येतं, एवढं त्यातून कळलं.

आणि पुण्यातून डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी केलेली गुडघेदुखीची चाचणी. ४४० रुग्ण, २४ आठवडे, सुंठ-गुळवेल असलेली आयुर्वेदिक औषधं एका बाजूला, ग्लुकोसामाइन आणि सेलेकॉक्सिब दुसऱ्या. दुखणं सगळ्यांचं जवळपास सारखंच कमी झालं. २०१३ साली बातम्या त्याच्याच आल्या. त्याच निबंधात पुढे एक ओळ आहे: आयुर्वेदिक औषध घेणाऱ्या सात जणांचं एसजीपीटी वाढलं, त्यांना काही त्रास नव्हता, औषध थांबवल्यावर ते पूर्ववत झालं. सात जण. त्यांना स्वतःला कधी कळलंच नसतं. कुणी पाहिलं म्हणून दिसलं. आईच्या आजारपणाआधी सात वर्षं ती ओळ छापलेली होती आणि मी संख्याशास्त्राची प्राध्यापक असून ती वाचलेली नव्हती.

आईचा आकडा नऊशेवरून चारशे, दीडशे असा उतरत गेला. तिसऱ्या भेटीला डॉक्टरीणबाईंनी फांदी आणायला सांगितली होती आणि एका आयुर्वेद महाविद्यालयातल्या द्रव्यगुणाच्या तरुण वैद्यांना बोलावून ठेवलं होतं. त्यांनी फांदी उजेडात फिरवली. सालीवरच्या बारीक पुटकुळ्यांवरून अंगठा नेला. क्रिस्पाच्या गाठी याहून ठसठशीत असतात, म्हणाले. नखाने साल खरवडली. ब्लेडने आडवी चकती कापली, तर आत चाकाच्या आऱ्यांसारखी नक्षी. डॉक्टरीणबाई टेबलावरून वाकून पाहत होत्या. त्यांनी आयुष्यात शेकडो यकृतं पाहिली असतील, गुळवेल पहिल्यांदाच.

“ही आपलीच वाटते, कॉर्डिफोलिया,” वैद्य म्हणाले. “पण आजी आठ महिने प्यायल्या ती हीच का, हे ही फांदी सांगणार नाही.”

बाईंनी तसंच लिहून घेतलं. आई खूश होती. घरी येताना रिक्षात वडिलांची आठवण काढून म्हणाली, “चकती बघायची रीत दादांचीच. चावून नाही बघितली पण.”

उरलेली फांदी स्वयंपाकघराच्या खिडकीत, कांद्यांच्या टोपलीवर पडून राहिली. काढा नाही तर निदान टाकू तरी नकोस, असं आईचं म्हणणं. मार्चमध्ये तिला दोन कोंब फुटले, त्यांतल्या एकाला तांबूस हिरवं, करंगळीच्या नखाएवढं बदामी पान.

त्याच आठवड्यात शेवटच्या तपासणीची तारीख होती. आईचं जेवण पूर्वीसारखं झालं होतं, डोळे पांढरे झाले होते, आदल्या दिवशी तिने पुरणपोळ्याही केल्या होत्या. सकाळी आवरायला सांगितलं, तर ती पलंगावर बसूनच राहिली.

“आता बरी आहे की मी. कशाला परत जायचं? सुया टोचून घ्यायला?”

“तू नाही गेलीस, तर त्या बाई कागदावर काय लिहितील?”

“काय लिहितील?”

मी काही बोलले नाही. चोपडी अजून टीपॉयवरच होती. आईने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि गुडघ्यावर हात टेकून, कपाटातून बाहेर जायचं पातळ काढायला उठली.